सुईण कुठे गेली?

माझ्या पहिल्या बाळंतपणाचं वर्णन डिस्चार्ज कार्डावर चार अक्षरांत आहे : एफटीएनडी. फुल टर्म नॉर्मल डिलिव्हरी. खाली बाळाचं वजन, माझं हिमोग्लोबिन, टाके दाखवायला कधी यायचं ती तारीख. वाचणाऱ्याला वाटावं, सगळं यथासांग पार पडलं.

त्या चार अक्षरांत काय मावलं नाही ते थोडक्यात सांगते. चौदा तास मी लेबर रूममध्ये एकटी होते. आई आणि नवरा बाहेर बाकड्यावर, कारण आत नातेवाइकांना मनाई. हाताला सलाईन, त्यात कळा वाढवायचं औषध. ते का लावलं हे कुणी सांगितलं नाही. कुशीवर वळले की 'सरळ झोपा'. ओरडले की 'आता का ओरडताय'. शेवटी एक आयाबाई स्टुलावर चढली आणि तिनं कोपरानं माझं पोट खाली रेटलं. कात्री चालली होती हे मला टाके घालताना कळलं. ड्यूटीवर सिस्टर एक आणि खाटा पाच. तिच्यावर माझा राग नाही. ती पाचही खाटांपाशी जात होती, पण एकीपाशीही थांबायची तिला सोय नव्हती.

बाळ धडधाकट होतं आणि मी जिवंत होते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. पण नंतर बरेच महिने त्या खोलीचं छत मला झोपेत दिसायचं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही नोकरीपायी हैदराबादला होतो. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं सांगितलं की इथल्या काही हॉस्पिटलांत प्रशिक्षित मिडवाइफ असतात. डॉक्टर असतातच, पण कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीवर येईपर्यंत मिडवाइफ तुमच्यापाशी थांबते. मी हे उत्साहानं सासूबाईंना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "मिडवाइफ म्हणजे सुईणच ना गं?"

आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं, की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. १९७९ साल, तुळजापूर तालुक्यातलं गाव, घरचं बाळंतपण, सुईणीचा हात. सातव्या दिवशी बाळानं दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. नवव्या दिवशी ते गेलं. "दवाखाना मिळावा म्हणून आम्ही देवापुढं हात जोडले, आणि तू दवाखान्यातून सुईणीकडं निघालीस?"

याला मी फोनवर काय उत्तर देणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागले. पुढचे काही महिने पोट आणि वाचन बरोबरीनं वाढत गेलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

*

आधी शब्द बघू. 'सुईण' हा 'सूति', 'सूतिका' या कुळातला शब्द. सूति म्हणजे प्रसव. 'मिडवाइफ' हा जुन्या इंग्रजीतला. त्यातल्या 'मिड'चा अर्थ 'सोबत' आणि 'वाइफ' म्हणजे तेव्हा बायको नव्हे, कुठलीही बाई. म्हणजे मिडवाइफ ही बाईच्या सोबत असणारी. आणि डॉक्टरांच्या शास्त्राला जे 'ऑब्स्टेट्रिक्स' म्हणतात ते लॅटिनमधल्या 'ऑब्स्टेट्रिक्स'वरूनच आलंय, ज्याचा अर्थ समोर उभी राहणारी. गंमत अशी की लॅटिनमध्येही हा शब्द सुईणीसाठीच होता. तिचं काम डॉक्टरांकडे गेलं, तसं तिचं नावही गेलं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात ही बाई एकटी नाही. सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानात सांगितलंय की प्रसूतीच्या वेळी विश्वासातल्या चार पोक्त, बाळंतपणाच्या कामात निष्णात बायका जवळ असाव्यात आणि त्यांची नखं कापलेली असावीत. चरकसंहिताही अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू बायका भोवती असाव्यात असं सांगते. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' या गटातली मी नाही. पोथीत जे असतं ते गावात असतंच असं नाही, आणि सासूबाईंच्या गावात नखांकडे कुणी बघत नव्हतं. पण नखांचा उल्लेख वाचून मी थबकले, हे खरं.

या पोथ्या एका मराठी मुलीनं फिलाडेल्फियात बसून धुंडाळल्या होत्या. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंतपण, मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. नवऱ्याचा हट्ट, बोटीचा प्रवास, नऊवारी आणि क्षयरोग. पण त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय काय होता, हे मी तरी तोवर कुठे वाचलं नव्हतं. १८८६ साली विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी सादर केलेला प्रबंध होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. दहा दिवसांचं मूल गमावलेली बाई समुद्र ओलांडून जाते, डॉक्टर होते आणि अभ्यासाला विषय निवडते तो बाळंतपणाचा. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. ती घेण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

*

सासूबाईंचा हिशेब साधा होता : सुईण म्हणजे घाण, दवाखाना म्हणजे स्वच्छता. इतिहास इथे जरा चकवतो. त्यासाठी एक चक्कर युरोपात मारावी लागेल, कारण बायकांनी दवाखान्याला घाबरून सुईण मागण्याची सगळ्यात गाजलेली हकिगत तिथली आहे.

१८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या सरकारी हॉस्पिटलात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. एक दिवस या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी त्या. पहिल्या विभागात बाळंतरोगानं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण शेकडा दहाच्या आसपास, दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. हे आकडे हॉस्पिटलच्या वहीत होते, पण गावातल्या बायकांना वहीची गरज नव्हती. पहिल्या विभागाच्या दिवशी आलेल्या बायका गुडघे टेकून विनवायच्या, की आम्हाला सुइणींकडे पाठवा. काही तर रस्त्यातच बाळंत व्हायच्या, आणि त्या रस्त्यावरच्या बाळंतिणी पहिल्या विभागातल्यांपेक्षा जास्त जगायच्या.

तिथल्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला ते सलत होतं. १८४७ साली त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मेला, आणि मेला तो बाळंतिणी मरायच्या तशाच लक्षणांनी. तेव्हा सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी सकाळी प्रेतं चिरत आणि त्याच हातांनी बायका तपासत. सुइणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि काही महिन्यांत मृत्यू शेकडा दोनच्या घरात आले. पुढे त्याची टिंगल झाली आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला, ते वेगळं.

मी ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे हात धुतले नाहीत, एवढंच ना? मग आमच्या सुईणीला कुणी का नाही सांगितलं?"

त्यांच्या या प्रश्नावर माझा पुढचा महिना गेला.

*

तिला का नाही सांगितलं, हे कळायला ती कोण होती हे बघावं लागतं. मराठवाड्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या इतर कितीतरी गावांत सुईण बहुधा मांगवाड्यातली असे. काही ठिकाणी महारवाड्यातली, काही ठिकाणी न्हाव्याच्या घरची. का, तर बाळंतपण हे विटाळाचं काम. बाळंतीण स्वतःच दहा दिवस सोयरात, कुणी शिवायचं नाही. जिला एरवीही शिवायचं नाही, तिनंच तिला शिवावं, अशी ती व्यवस्था होती. सासूबाईंच्या सासूनं बोलावलेली सुईण मागच्या दारानं थेट बाळंतिणीच्या खोलीत आली. रात्रभर पाठ चोळली, तेल लावलं, धीर दिला, बाळ घेतलं, नाळ कापली, वार पुरली. पाचवीला सटवाईची पूजा झाली तेव्हा ती खोलीच्या बाहेर बसली होती. मोबदला म्हणून ज्वारी, जुनं लुगडं, खण. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जायची तिला मुभा नव्हती. सासूबाई तिला 'मावशी' म्हणायच्या. तिचं नाव आठवत नाही म्हणाल्या; मग थोड्या वेळानं म्हणाल्या, की कधी विचारलंच नव्हतं.

नाळ कापली ती घरच्याच विळ्यानं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. त्या विळ्यावर ते असणार, नाळेला लावलेल्या राखेत असणार. विळा त्या घरचा, राख त्या घरची. पण बाळ दगावलं की बोल लागायचा तो सुईणीला. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, असं आपण मानत आलो. पहिला आठवडा बाळाला किती अवघड होता हे त्या रात्रीच्या भीतीवरून कळतं, असं मला वाटतं.

आता शिकवण्याचा भाग. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बायकांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, जीव द्यायचा किंवा घ्यायचा प्रसंग येऊ नये, म्हणून. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्यानं दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. कुणी तुम्हाला बोल न लावता तुमचं बाळंतपण करेल अशी जागा, हा माझ्या लेखी या इतिहासातला मोठा क्षण आहे. तिथे शस्त्रक्रियेची सोय काय होती यापेक्षा दार उघडं होतं हे महत्त्वाचं.

मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांचं, बायकांनी चालवलेलं. त्याची सूत्रं एडिथ पेची या इंग्रज डॉक्टरांकडे होती. स्वतः त्यांना एडिंबरात पुरुषांनी वैद्यकीची दारं बंद केली होती. त्याआधीच्या वर्षी डफरिन फंड उभा राहिला होता, भारतीय बायकांना बायका डॉक्टर मिळाव्यात म्हणून. १९०३ साली लेडी कर्झननं खास दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड काढला. म्हणजे सांगायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. पण तो कसा झाला? शिकवणाऱ्यांच्या लेखी दाई म्हणजे अज्ञान आणि घाण यांची मूर्ती. साहेबाच्या अहवालातला तिरस्कार आणि गावातला विटाळ हे एकमेकांना छान पूरक ठरले. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी 'मदर इंडिया'मध्ये दाईचं जे चित्र रंगवलं ते जगभर गेलं. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं. पण त्यावर चिडलेले आपले पुढारीसुद्धा दाईच्या बाजूनं बोलायला फारसे उभे राहिले नाहीत. तिची लाज मात्र सगळ्यांना वाटली.

याच काळात दुसरी वाट तयार होत होती. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायका, त्यांत विधवा बऱ्याच, नर्सिंग आणि सुईणपण शिकल्या. पांढरपेशा घरातल्या बाईनं बाळंतपणाचं काम करायचं, हा त्या काळात केवढा धक्का असेल! मुंबई इलाख्यात १९३५ साली नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आता शिकलेली, नोंदणी झालेली मिडवाइफ निराळी आणि गावातली दाई निराळी. एकीकडे प्रमाणपत्र गेलं. दुसरीकडे विळा राहिला.

*

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी हॉस्पिटलच्या विरोधात आहे. अजिबात नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे देशात दरवर्षी सुमारे दोन लाख बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात मरत होत्या. रक्तस्राव थांबवायला, अडलेलं बाळ काढायला, झटके आवरायला हॉस्पिटलच लागतं. गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडू नये म्हणून घालतात तो 'शिरोडकर टाका' जगभर याच नावानं ओळखला जातो. तो गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचा. २००४–०६ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये ३३. हा आकडा ज्यांनी खाली आणला त्यांत डॉक्टर, नर्सेस, आशाताई, अँब्युलन्सचे ड्रायव्हर असे सगळे आले. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली जाहीर केलं. आईला टोचायची लस आणि निर्जंतुक ब्लेड. सासूबाईंना हे उशिरा मिळालं.

पण या प्रवासात सुईण कुठे हरवली हे बघण्यासारखं आहे. स्वातंत्र्यानंतर 'ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ', म्हणजे आपली एएनएम, तयार झाली. तिचं मुख्य काम बाळंतपण हेच होतं. १९७३ साली कर्तारसिंग समितीनं सुचवलं की एकेका रोगासाठी एकेक कर्मचारी ठेवण्यापेक्षा सगळ्यांना 'बहुउद्देशीय' करावं. झालं. एएनएमच्या वाट्याला लसीकरण, कुटुंबनियोजनाची टार्गेटं, मलेरिया, रजिस्टरं आली. तिचं प्रशिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं आणि त्यात बाळंतपणाचा वाटा आकसला. नावात मिडवाइफ राहिली, हातातून गेली.

गावच्या दायांना १९७०च्या दशकापासून सरकारनं प्रशिक्षण दिलं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ, असा तो पाठ. सासूबाईंच्या 'का नाही सांगितलं'चं हे उत्तर, काही गावांत वेळेवर पोचलेलं, काहींत नाही. जिथे मन लावून काम झालं तिथे काय घडलं याचीही उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्यानं खेड्यातल्या, अनेकदा दलित आणि निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवलं जायचं त्यांच्याच हातून सवर्ण घरांत सुरक्षित बाळंतपणं झाली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत दाया आणि गावातल्या आरोग्यदूत बायका यांच्या मदतीनं नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध छापून आला.

पण सरकारी वारं तोवर फिरलं होतं. दाईवर खर्च करण्यापेक्षा बाईला दवाखान्यात आणा, असं ठरलं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणारीला पैसे मिळू लागले. त्या सुमारास देशात शंभरातल्या ३९ प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २०१९–२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ वर गेला, महाराष्ट्रात ९५ च्या आसपास. एवढं मोठं स्थलांतर, घराच्या खोलीतून लेबर रूममध्ये, पंधरा वर्षांत. खाटा वाढल्या, पण खाटेपाशी थांबणारी माणसं त्या मानानं वाढली नाहीत. माझ्या वाट्याची पाच खाटांची सिस्टर इथून आली. तिच्या नोंदणीवरसुद्धा 'रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ' असं लिहिलेलं असणार.

आणि पोट रेटणं, कात्री, सरळ झोपा? त्यांनाही इतिहास आहे. वरून पोट दाबण्याचं तंत्र क्रिस्टेलर या जर्मन डॉक्टरनं १८६७ साली मांडलं. शिकागोच्या जोसेफ डी ली यांनी १९२० साली सुचवलं की पहिलटकरणीला सरसकट छेद द्यावा आणि चिमट्यानं बाळ काढावं. बाळंतपण हे त्यांच्या मते आजारासारखंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी आता नेमकं उलट सांगतात : पोट दाबू नका, सरसकट छेद देऊ नका, बाईला हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्या, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या. सोबतीचा मुद्दा केवळ माया म्हणून नाही. २०१७ साली २६ चाचण्यांचा, पंधरा हजारांहून जास्त बायकांचा एकत्र आढावा घेतला गेला. सतत कुणीतरी सोबत असलं तर सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ आखूड होतो, बाळंतपणाबद्दल बाईची नाराजी कमी राहते. २०१९–२१ च्या पाहणीत आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळं सिझेरियननं झाली होती. यातली काही त्या बायकांचा जीव वाचवणारी असतात, सगळी नसतात.

*

हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं २०११ साली मिडवाइफांचं प्रशिक्षण सुरू केलं आणि २०१७ पासून तेलंगणा सरकारनं सरकारी नर्सेसना ते द्यायला घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. आधीच नर्स असलेल्यांना दीड वर्षाचं प्रशिक्षण आणि 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' असं पद. एप्रनवर 'मिडवाइफ' लिहिलेली मुलगी शहरात दिसते ती यामुळे. तेलुगूत जुन्या सुईणीला 'मंत्रसानी' म्हणतात हे मला माझ्या मिडवाइफनंच सांगितलं. तिची आजी मंत्रसानी होती आणि घरात ते कुणी बाहेर बोलत नसे.

सातव्या महिन्यात सासूबाई आल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला हिंदीत विचारलं, "हाथ कैसे धोते हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली नाही. त्यांना बेसिनपाशी घेऊन गेली, कोपरापर्यंत धुऊन दाखवलं, नखं दाखवली, सीलबंद पाकिटातली कात्री आणि नाळेचा चिमटा दाखवला. सासूबाईंनी पाकिटावरची तारीख वाचली. मग त्यांनी तिला त्यांच्या पहिल्या मुलाचं सगळं सांगितलं, मला फोनवर सांगितलं होतं त्याहून जास्त.

बाळंतपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हेच मला हवं होतं. नऊ तास लागले. मी चालले, बाकाला धरून उभी राहिले, एका मोठ्या चेंडूवर बसले. दर थोड्या वेळानं ती बाळाचे ठोके ऐकायची आणि आकडा मला सांगायची. मधे एकदा ठोके मंदावले, तेव्हा डॉक्टर आल्या, दहा मिनिटं थांबल्या, ठोके सावरले आणि त्या गेल्या. तपासायच्या आधी दर वेळी विचारणं व्हायचं. मी ओरडले तेव्हा ती म्हणाली, ओरडा. कुशीवर असताना मुलगी झाली. टाका एक, फाटलं होतं तेवढ्यापुरता. नाळेची धडधड थांबेपर्यंत ती कापली नाही, आणि सासूबाई माझ्या डोक्यापाशी उभ्या राहून त्या कात्रीकडे बघत होत्या.

घरी आल्यावर त्या रोज सकाळी नाळेचा देठ बघायच्या. सातव्या रात्री त्या झोपल्या नाहीत. नवव्या रात्रीही नाहीत. दहाव्या दिवशी त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन स्वतः न्हाऊ घातलं.

*

आता मैत्रिणींचे फोन येतात. बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, 'आमच्याकडे मिडवाइफ कुठे मिळेल?' खरं सांगायचं तर लातूरला, नांदेडला, अगदी पुण्यातही मी झटकन पत्ता देऊ शकत नाही. २०२३ साली नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झालाय, मिडवाइफ हा शब्द कायद्याच्या नावात आलाय, पण तुमच्या तालुक्यातल्या लेबर रूममध्ये ती यायला वेळ लागेल. घरी बाळंत व्हायचा सल्ला मी कुणालाही देत नाही. तोवर मी त्यांना हॉस्पिटल ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न सांगते. रात्री ड्यूटीवर किती सिस्टर आणि किती खाटा? कळांमध्ये उठून चालता येईल का? छेद देण्याआधी मला विचाराल का? आणि आत सोबत कोण येऊ शकतं? शेवटच्या प्रश्नाला तर सरकारी आधारही आहे. केंद्रानं २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक जवळची बाई असू द्यावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, अशी सूचना काढलीय. वाचताना मला चरकसंहिता आठवली.

लातूरच्या मैत्रिणीनं मागच्या आठवड्यात हे प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टर म्हणाले, आजवर कुणी विचारलं नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, सोबत चालेल, पण एकच, आणि बाईच. तिनं तिथल्या तिथे आपल्या थोरल्या जावेचं नाव लिहून दिलं.